सांधेदुखी आणि ओझ्याचा हिशोब



गुडघे वयामुळे दुखतात, असे सांगून आपली बोळवण होते. वय हे कारण आहेच. पण ओझेही आहे, आणि ओझे मोजता येते. बर्लिनच्या संशोधकांनी रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यात मापक बसवून २०१० साली आकडे प्रसिद्ध केले. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, जिना उतरताना सुमारे साडेतीनपट. म्हणजे ६० किलोच्या पोस्टमनच्या गुडघ्यावर २०० किलोंहून अधिक. पिशवी वेगळीच.

कमरेचे गणित ट्रॅकवरच्या साथींना पहारीवरून ठाऊक आहे: लांब टोकाला थोडा जोर, आखूड टोकाला कितीतरी पट. १० किलोचे पार्सल मणक्यापासून ५० सेंटिमीटरवर धरले, तर मणक्यामागे साधारण ५ सेंटिमीटरवरच्या स्नायूंना १०० किलोंची ओढ द्यावी लागते. पार्सल २५ सेंटिमीटरवर आणा, ओढ निम्मी होते. म्हणून वजन अंगाशी धरा.

पण ओझे किती असावे, हे आपण ठरवत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९६७ ची शिफारस सांगते की, एका पुरुष कामगाराने वाहायच्या वजनाची मर्यादा ५५ किलोंहून जास्त असेल तेथे ती लवकरात लवकर तेवढ्यावर आणावी. प्रत्येक शाखेने थैल्या व हत्यारे तोलावीत, नोंद ठेवावी आणि ती मागणीपत्राला जोडावी. दुखणे नाकारता येते. काट्यावरचे वजन नाकारता येत नाही.