दूरवरच्या सभासदांची सभा : साधने कशी निवडावी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातील भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी संस्थेच्या थोरवीवर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत, आणि ते अधिकाराने बोलतील. आम्हांस नेमून मिळालेला विषय त्या मानाने रुक्ष आहे. गावोगावी विखुरलेल्या सभासदांनी घरबसल्या सभा कशी भरवावी, आणि त्यासाठी आज जी ऑनलाइन साधने मिळतात त्यांतून कोणते घ्यावे, एवढेच सांगावयाचे आहे. परंतु संस्थेची पुढची वाटचाल ह्या रुक्ष विषयावर बरीचशी अवलंबून आहे असे आम्हांस वाटते, म्हणून आपला थोडा वेळ घेतो.

बेळगावला सभांचे नवल नाही. १९२४ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन येथे भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन होय. १९२९ साली शिवराम महादेव परांजपे यांच्या आणि १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलने ह्याच गावी झाली, आणि १९४६ च्या संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला. अशा मोठ्या सभांना लोक कामधंदा बाजूस ठेवून येतात. आपली सभा तशी नव्हे. महिन्याकाठी दहा-पंधरा माणसांनी बसून कोणत्या मुलाची फी भरावी, कोणाच्या औषधपाण्याला हातभार लावावा, वसतिगृहाचे छप्पर कधी शाकारावे हे ठरवावयाचे, अशी ती लहान सभा. पण लहान सभाच संस्था चालवीत असते.

आता ही दहा-पंधरा माणसे कोठे आहेत ते पाहा. कोणी बेळगावात, कोणी खानापूरच्या रानाकडील खेड्यात, कोणी निपाणीस तंबाखूच्या वखारीत कामाला, कोणी चिकोडीस शाळेवर, आणि पुढची पिढी पुण्यामुंबईस किंवा दुबईस. बेळगाव ते निपाणी अंतर सुमारे ७५ किलोमीटर. संकेश्वर मागे टाकून तवंदीचा घाट उतरून जाणे-येणे करावयाचे म्हणजे अर्धा दिवस मोडला. पगारी नोकराला अर्धी रजा टाकता येते. विड्या वळणाऱ्या भगिनीची तेवढी मजुरी बुडते. शिवाय रस्ता नेहमी मोकळा असतोच असे नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले. २०२० च्या टाळेबंदीत कोगनोळीच्या नाक्यावर माणसे अडली. डिसेंबर २०२२ मध्ये सीमातंट्यावरून दोन्ही राज्यांतील बससेवा काही काळ थांबली. सीमेवरच्या माणसाला हे ऋतुमानासारखे अंगवळणी पडले आहे. अशा वेळी संस्थेचे काम थांबू नये, म्हणून ऑनलाइन सभेचा आधार हवा, ह्याविषयी दुमत नसावे.

मतभेद सुरू होतो तो साधनावरून. एक म्हणतो झूम घ्या, दुसरा म्हणतो गूगल मीट, तिसरा म्हणतो व्हॉट्सअ‍ॅप असताना आणखी काही कशाला? आमचे म्हणणे असे की प्रश्नच उलटा विचारला जात आहे. कोणते साधन उत्तम, हे विचारण्याआधी आपल्यातील सर्वांत अडचणीतला सभासद कोण, हे विचारावे. ज्याच्याकडे जुना फोन आहे, ज्याच्या गावी एकाच टेकाडावर रेंज मिळते, ज्याला इंग्रजी वाचता येत नाही, त्याला जे साधन वापरता येईल ते आपले साधन. बाकीचे सारे गुण नंतर पाहावयाचे.

ह्या दृष्टीने उपलब्ध साधनांची झडती घेऊ.

पहिले साधन साधा टेलिफोन. मोबाइलवर एका वेळी पाच जणांना जोडून बोलता येते, ही गोष्ट आपण विसरत चाललो आहोत. त्याला इंटरनेट लागत नाही. पाच-सहा जणांच्या पोटसमितीला एखादा तातडीचा निर्णय करावयाचा असेल तर ह्याहून सोपे काही नाही.

दुसरे व्हॉट्सअ‍ॅप. ते घरोघर आहे, मराठीतही चालते आणि कानडीतही, हा त्याचा मोठा गुण. त्यावर ३२ जणांपर्यंत एकत्र बोलता येते, आणि १०२४ पर्यंत सभासदांचा गट करता येतो. सभेची सूचना पोहोचविण्यास दवंडीसारखे उपयोगी. परंतु दवंडी पिटणे वेगळे आणि चावडीवर बसून निवाडा करणे वेगळे. गटावर सकाळच्या नमस्कारांच्या आणि फुलांच्या चित्रांच्या ढिगाऱ्याखाली महत्त्वाचा प्रश्न गाडला जातो. चार जण हाताचा अंगठा दाखवितात आणि ठराव झाला असे समजले जाते. म्हणून आमची सूचना अशी की, सूचनांसाठी एक स्वतंत्र गट असावा, त्यात फक्त कार्यवाहांनीच लिहावे अशी व्यवस्था करून ठेवावी, आणि गप्पांचा गट वेगळा असावा.

तिसरे साधन म्हणजे खास सभेसाठी केलेल्या सोयी. झूमच्या विनामूल्य सोयीत १०० माणसे बसतात, पण सभा ४० मिनिटांनी आपोआप तुटते. गूगल मीटमध्येही १०० माणसे आणि तिघे किंवा अधिक असल्यास एक तास. मायक्रोसॉफ्ट टीम्सची विनामूल्य मर्यादाही जवळजवळ तशीच. जित्सी नावाचे एक मुक्त साधन आहे. ते विनामूल्य असून त्याला मिनिटांची अशी अट नाही, मात्र ऑगस्ट २०२३ पासून त्याच्या सार्वजनिक ठिकाणी सभा उघडणाऱ्याला आपले खाते दाखवून आत जावे लागते. ४० मिनिटांची अट पुष्कळांना जाचक वाटते. आम्हांस ती हितकारक वाटते. विषयपत्रिका आधी पोहोचली असेल आणि प्रास्ताविके आवरती घेतली, तर महिन्याची सभा ४० मिनिटांत आटोपते. दात्यांनी विश्वासाने दिलेला पैसा सभेच्या साधनावर खर्च करण्याआधी दहा वेळा विचार करावा.

येथे एक हिशेब सांगतो. एक तास चेहरे दाखवीत सभा केली तर एका फोनचा साधारण एक जीबीच्या आसपास डेटा खर्च होतो. नुसत्या आवाजाला त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी पुरतो. ज्याचा दिवसाचा डेटा एक-दीड जीबी, त्याच्या घरी त्या संध्याकाळी मुलाच्या अभ्यासाला काय उरले? म्हणून सुरुवातीस दोन मिनिटे सर्वांनी एकमेकांस पाहावे, नमस्कार-चमत्कार करावेत, आणि मग चित्र बंद ठेवून बोलावे. रेंज कमी असलेल्यांचा आवाजही मग तुटत नाही.

जेथे प्रत्येकाकडे चांगला फोन नाही तेथे आणखी एक तोड आहे. गावातील चार-पाच सभासदांनी एकाच्या घरी जमावे आणि एका फोनवर बसावे. मात्र एका खोलीत दोन फोन एकाच सभेत चालू ठेवू नयेत. आवाज घुमून कानाला दडे बसतात. अशा बैठकीत चहा होतो, गावची विचारपूस होते, आणि म्हाताऱ्या माणसाला बटण कोणते दाबावे हे विचारण्याची भीड पडत नाही. पाचामुखी परमेश्वर म्हणतात तो असा पाच जण जवळ बसल्यावर लवकर भेटतो.

वेळेचेही तसेच. रविवारी रात्री साडेआठ वाजता सभा ठेवली, तर दुबईस सात वाजलेले असतात, लंडनला दुपार असते आणि न्यूयॉर्कला सकाळचे दहा किंवा अकरा. परदेशी गेलेल्या आपल्या मुलांनाही ती वेळ सोयीची पडते, आणि निपाणीच्या भगिनींची चूलही तोवर आवरलेली असते. परंतु दोहोंत निवड करावी लागली तर चुलीकडे पाहून वेळ ठरवावी.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ऑनलाइन सभेत एक धोका असा आहे की, तो डोळ्यांना दिसत नाही. प्रत्यक्ष सभेत कोपऱ्यात गप्प बसलेला माणूस अध्यक्षांना दिसतो आणि ते म्हणतात, ‘अहो, आपले काय मत?’ ऑनलाइन सभेत ज्याची रेंज गेली तो गप्प बसला की संमत आहे, हे कोणास कळत नाही. हळूहळू असे होते की, चांगले यंत्र आणि चांगली लाइन असलेले शहरातले चार जण बोलतात, ठरवितात, आणि ज्यांच्यासाठी संस्था निघाली त्या खेड्यांतली माणसे नुसती ऐकणारी होतात. कोणी कोणाला हाकलले नाही, कोणाचा हेतू वाईट नाही, तरी संस्था हातची जाते. सीमाभागातील माणसाला हे विशेष लागते; दूर कोठेतरी बसलेल्या मंडळींनी आपल्याविषयी ठरवावे आणि आपण नंतर ऐकावे, हा अनुभव त्याला नवा नाही. तो त्याला स्वतःच्या संस्थेत येऊ नये.

ह्यावर उपाय कठीण नाही. प्रत्येक ठरावापूर्वी अध्यक्षांनी हजेरीपटावरून एकेकाचे नाव घेऊन मत विचारावे, आणि आरंभ खेड्यांतील सभासदांपासून करावा. उत्तर आले नाही तर त्यास फोन करावा. गणसंख्या मोजताना मत मोजण्याच्या क्षणी जे जोडलेले आहेत तेवढेच धरावेत. दोनदा फोन करूनही जो मिळाला नाही, त्याच्या गावाचा विषय त्या दिवशी निकालात काढू नये.

गुप्ततेविषयीही जागरूक राहिले पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृहखात्याने झूम सुरक्षित नाही, सरकारी कामासाठी वापरू नये, असे जाहीर केले आणि खाजगी वापर करणारांस काही खबरदाऱ्या सांगितल्या. सभेला परवलीचा शब्द असावा, येणाऱ्यास आधी ओसरीवर थांबवून ओळख पटल्यावर आत घ्यावे, सर्व आले की दार लावावे. त्यानंतर झूममध्ये सुधारणा झाल्या, तरी खबरदाऱ्या आजही तशाच योग्य आहेत, आणि त्या कोणत्याही साधनाला लागू आहेत. सभेची लिंक सार्वजनिक गटावर टाकू नये. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गरजू विद्यार्थ्यांचे अर्ज. उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, आजाराचे कागद ही त्या घराची अब्रू आहे. ती व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर फिरता कामा नये. व्यक्तीच्या खाजगी माहितीच्या रक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झाला. परंतु कायदा नसता तरी आपण हे पाळले असते. अर्ज एकाच सामायिक कपाटात, म्हणजे गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी, ठेवावेत. ते १५ जीबीपर्यंत विनामूल्य मिळते. त्याची किल्ली छाननी समितीच्या तीन-चार जणांकडेच असावी, आणि समिती बदलली की किल्लीही बदलावी. खाते कोणा एकट्याच्या नावे नसून संस्थेच्या नावे असावे, नाहीतर माणूस गेला की दप्तर गेले.

साधने चिरंजीव नसतात. स्काइप २००३ साली निघाले, जगभर पसरले, आणि मे २०२५ मध्ये बंद झाले. म्हणून सभा कोठेही भरो, तिचा वृत्तांत आपल्या बांधीव इतिवृत्त वहीत शाईने उतरला पाहिजे, आणि त्यावर पुढील प्रत्यक्ष बैठकीत सही झाली पाहिजे. वृत्तांत लिहिणे ज्यांना जड जाते त्यांना फोनवर मराठीत किंवा कानडीत बोलून लिहून घेता येते. पण नावे आणि आकडे डोळ्यांनी तपासावेत. तसेच ऑनलाइन सभेतील ठराव न्यासपत्राप्रमाणे ग्राह्य धरता येतो की नाही, हे आधी वकिलांस विचारून घ्यावे, आणि कलम नसेल तर रीतसर घालून घ्यावे.

ओळखी जोडण्याच्या कामी ह्या साधनांचा फार उपयोग आहे. निपाणीच्या मराठी शाळेतून निघालेल्या मुलाला पुण्यात कोणत्या वसतिगृहात जागा मिळेल, इंग्रजीची भीती कशी मोडावी, हे सांगणारा त्याच्याच गावचा एक दादा किंवा ताई असते. दोघांची गाठ पडत नाही इतकेच. तीन महिन्यांतून एकदा अशी एक संध्याकाळ ऑनलाइन भरवावी. लिंक्डइनसारख्या ठिकाणी नोकरदारांच्या ओळखी वाढतात हे खरे. पण मुलाला हवा असतो तो फोन उचलणारा एक माणूस. संस्थेने त्या माणसाच्या संमतीने त्याचे नाव मुलाला द्यावे.

शेवटी, काही कामे ऑनलाइन करू नयेत. विश्वस्तांची निवड, हिशेबावरील वाद, आणि कोणा कार्यकर्त्याविषयी तक्रार, ह्यांसाठी समोरासमोरच बसावे. विद्यार्थ्याची मदत ठरविण्यापूर्वी दोन सभासदांनी त्याच्या घरी जाऊन यावे. उंबऱ्याच्या आत गेल्यावर जे कळते ते अर्जात नसते. वर्षातून दोनदा तरी सर्वांनी एकत्र यावे, एकदा बेळगावास आणि एकदा निपाणीस, आणि मजुरी बुडणाऱ्या सभासदाचा प्रवासखर्च संस्थेने द्यावा. ऑनलाइन सभेमुळे जो पैसा वाचेल तो ह्याच कामी लागावा, असा ठराव कार्यकारी मंडळाने येत्या बैठकीत करावा अशी आमची नम्र सूचना आहे. त्या ठरावावर पहिले मत खानापूरकडील सभासदांचे घ्यावे.