व्हिएन्नांतील तीन खून



खून झाला म्हणजे खुनी कोण, हा प्रश्न प्रथम पुढें येतो. व्हिएन्ना शहरांत १३ जुलै १९८९ रोजीं जें घडलें त्यांतील कोडें मात्र निराळें आहे. संशयितांपैकीं दोघे पोलिसांच्या हातीं होते. तरीही न्यायासनापुढें कोणीच उभा राहिला नाहीं. हें कसें झालें, याचा आज थोडा विचार करूं.

डॉ. अब्दुल रहमान कासिमलू हे इराणांतील कुर्द लोकांचे पुढारी. त्यांचा जन्म १९३० सालचा. ते अर्थशास्त्राचे पंडित होते व प्राग येथें त्यांनीं अध्यापनही केलें होतें. इराणास लोकशाही आणि कुर्दिस्तानास स्वायत्तता, ही त्यांच्या पक्षाची मागणी. वेगळें राष्ट्र त्यांनीं मागितलें नव्हतें. इराण-इराक युद्ध १९८८ सालीं थांबलें, तेव्हां शस्त्रानें न सुटलेला प्रश्न बोलण्यानें सुटेल, या आशेनें त्यांनीं तेहरानच्या दूतांशीं वाटाघाटी आरंभिल्या. व्हिएन्नांतील एका खासगी घरांत बैठक भरली असतांनाच त्यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. त्यांचे सहकारी अब्दुल्ला कादेरी आझर व मध्यस्थ फाझिल रसूल हेही तेथेंच ठार झाले.

दूतांपैकीं एक जखमी होऊन रुग्णालयांत पडला होता. पुढें पोलिसांनींच त्यास विमानतळापर्यंत सोबत दिली व तो मायदेशीं परतला. दुसऱ्यास चौकशीनंतर सोडण्यांत आलें. त्यानें इराणी वकिलातींत आश्रय घेतला. तिसरा नाहींसा झाला. अटकेचीं फर्मानें निघालीं तीं नोव्हेंबरांत. तोंवर संशयित हाताबाहेर गेले होते. इराण सरकारनें या कृत्याशीं आपला संबंध नाकारला.

कासिमलू यांच्या मागून पक्षाचें नेतृत्व सादिक शरफकंदी यांजकडे आलें. १७ सप्टेंबर १९९२ रोजीं बर्लिनच्या एका उपाहारगृहांत तेही तिघां सोबत्यांसह मारले गेले. येथें मात्र खटला उभा राहिला आणि साडेतीन वर्षें चालला. १० एप्रिल १९९७ रोजीं चौघांना शिक्षा झाली. शिवाय हुकूम इराणच्या सर्वोच्च नेतृत्वाकडून आला होता, असें न्यायालयानें स्पष्ट नमूद केलें. निकालानंतर युरोपांतील अनेक राष्ट्रांनीं तेहरानमधील आपले राजदूत परत बोलाविले.

दोन्ही शहरें युरोपांतलीं, दोन्ही ठिकाणीं कायद्याचें राज्य. मग फरक कशाचा? बर्लिनमध्यें आरोपी कोठडींत राहिले, व्हिएन्नांत संशयितांस जाऊं दिलें. पुराव्याअभावीं अडलेला न्याय मनुष्य एक वेळ सोशील. परंतु संशयिताला वेशीपर्यंत पोंचवून जो न्याय अडतो, त्याचें ऋण त्या देशाच्या माथीं राहतें. कासिमलू पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमींत विसावले आहेत. व्हिएन्नाचें तें ऋण अद्याप फिटलेलें नाहीं.