नाक्यावरची तपासणी आणि नावावरची तपासणी



२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कफ परेडच्या मच्छीमार वस्तीच्या किनाऱ्याला एक रबरी होडी लागली. पाठीवर जड सॅक घेऊन उतरलेल्या तरुणांना तिथल्या कोळ्यांनी हटकलं. कोण तुम्ही, कुठून आलात? उडवाउडवीची उत्तरं देऊन ते निघून गेले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण त्या टोळीजवळ ओळखपत्रंही होती, हे फार कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. हैदराबादच्या एका कॉलेजची, हिंदू नावांची, खोटी. वाटेत एखाद्या पोलिसाने कार्ड मागितलंच असतं, तर दाखवायची तयारी चोख होती.

त्यानंतर किनाऱ्याचा बंदोबस्त वाढला आणि मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं मिळाली. ज्यांनी त्या रात्री हटकलं, त्यांनाच आता समुद्रात हटकलं जातं. मी याची थट्टा करत नाही. ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी बोट ताब्यात घेऊनच ही मंडळी मुंबईपर्यंत पोचली होती, तेव्हा बोट कुणाची आणि तिच्यावर कोण, हे तटरक्षक दलाला कळायलाच हवं. एवढंच लक्षात ठेवू या की कार्ड माणसाचं नाव सांगतं, त्याचा बेत सांगत नाही.

माझ्या मते तपासणी दोन जातींची असते. एक नाक्यावरची. विमानतळावर तुम्हीही थांबता, मीही थांबतो. पाच-दहा मिनिटांचा त्रास, पलीकडे गेलं की विषय संपला. (कोणाकोणाची झडती घेऊ नये याची लांबलचक यादी सरकारने केलेली आहे, पण तो मानापमानाचा निराळा अंक आहे.) या तपासणीबद्दल माझी तक्रार नाही. दुसरी नावावरची. ती एका जागी थांबत नाही; माणूस जाईल तिथे त्याच्या मागे जाते. तिचा आपल्याकडचा इतिहास काळाकुट्ट आहे.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू करण्याची सोय झाली आणि आपल्या मुंबई इलाख्यातले पारधी, कैकाडी, भामटे त्यात अडकले. अडकायला गुन्हा करावा लागत नव्हता, त्या जातीत जन्म पुरेसा होता. बोटांचे ठसे घ्यायचे, हजेरी लावायची, बाहेरगावी जायचं तर पास काढायचा. पासावर जायचं ठिकाण आणि मुदत लिहिलेली असे, आणि पोचल्यावर तिथल्या पाटलापुढे उभं राहावं लागे. बहिणीच्या घरी लग्न असलं तरी आधी पास, मग आहेर. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहतच होती. तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. केंद्राने हा कायदा रद्द केला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. देशात कुठेही मुक्तपणे फिरण्याचा हक्क देणारा संविधानातला एकोणिसावा अनुच्छेद तोवर अडीच वर्षांचा झाला होता.

कायदा गेला, पण पोलिसांची सवय गेली नाही. उत्तर प्रदेशात खडकसिंग नावाचा माणूस १९४१ साली दरोड्याच्या संशयावरून पकडला गेला आणि पुराव्याअभावी सुटला. तरी ठाण्यात त्याच्या नावाची फाइल उघडली गेली. रात्री-अपरात्री शिपाई दार ठोठावून त्याला उठवत. परगावी जायचं तर कुठे जाणार, कधी परतणार हे चौकीदाराला किंवा ठाण्यात सांगावं लागे. मग पुढच्या ठाण्याला निरोप जाई. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण पाळत ठेवायला मोकळीक दिली. बहुमताचं म्हणणं असं, की त्याचे पाय कुणी बांधले आहेत का? न्यायमूर्ती सुब्बा राव यांना हे पटलं नाही. पाळतीखालचं फिरणं हे मोकळं फिरणं नव्हे, असा त्यांचा वेगळा निकाल होता. खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, हे त्या बहुमताचं मत खोडायला २०१७ साल उजाडावं लागलं.

आता फाइलीचं काम संगणक करतो. परदेशी निघालेला माणूस इमिग्रेशनच्या खिडकीशी येतो. पासपोर्ट खरा, व्हिसा खरा, तिकीट खरं. अधिकारी पडद्याकडे बघतो आणि म्हणतो, जरा बाजूला थांबा. त्याच्या नावाचं लुक आऊट सर्क्युलर, म्हणजे त्याला तिथे अडवण्याचं परिपत्रक, निघालेलं असतं आणि त्याला ते तिथेच पहिल्यांदा कळतं. घातपाती पळू नये म्हणून अशी सोय हवी, यात वाद नाही. पण ज्यांच्या विनंतीवरून माणसाला अडवायचं, त्यांच्या यादीत सरकारी बँकांचे प्रमुखही येऊन बसले. थकलेलं कर्ज ही राष्ट्रीय सुरक्षेची बाब कधीपासून झाली? एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बँकांचा हा अधिकार रद्द ठरवला. त्या निकालाची बातमी आपल्याकडे आतल्या पानावर गेली, याचं मला अजून नवल वाटतं.

याहून बारीक दिसणारी, पण मला जास्त खुपणारी एक गोष्ट आहे. २०१० च्या नियमांत अशा परिपत्रकाला एक वर्षाची मुदत होती. मुदतवाढ मागितली नाही तर ते आपोआप संपे. २०२१ पासून उलटं झालं. ज्याने काढलं तो रद्द करा म्हणेपर्यंत ते चालूच राहतं. आणि काढणारा अधिकारी बदलून गेला, की रद्द करा म्हणणार कोण? सुरक्षेच्या नावाखाली वर्षाची मुदत काढून टाकायचं कारण मला तरी सापडत नाही. गरज उरली असेल तर एका पानाचं पत्र लिहून मुदत वाढवता येत होतीच. तुमच्यापैकी कुणाची खासदारांशी ओळख असेल, तर त्यांना पुढच्या अधिवेशनात इतकाच प्रश्न टाकायला सांगा: चौकशी वर्षभर जागची हललेली नाही, अशी किती परिपत्रकं आज चालू आहेत?