सातचा भोंगा



आपल्या मलकापूरनं चोवीस तास पाण्याची योजना केली. घरोघरी नळाला मीटर बसले. पाणी रात्रंदिवस येतं, म्हणून कोणी नळ मोकळा सोडून झोपतं का? नाही. लागेल तेवढंच घेतो. मोबाईलचंही तसंच आहे. इंटरनेट रात्रंदिवस आहे. पण त्याला वेळेचं मीटर आपणच बसवायला हवं.

कसं बसवायचं? शेजारच्या सांगली जिल्ह्यात पाहा. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२० साली करोना आला. शाळा बंद झाल्या. अभ्यासासाठी पोरांच्या हाती मोबाईल आले. पुढे शाळा उघडल्या, पण मोबाईल काही सुटेना.

मग २०२२ च्या ऑगस्टमध्ये गावानं ठरवलं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवायचा. तो वाजला, की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला भोंगा पुन्हा वाजेपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा. आधी काही लोक हसले. पण आशाताई, अंगणवाडीच्या बाई, शिक्षक घरोघर फिरले. हळूहळू वळण लागलं.

यातली खरी गोष्ट कोणती? भोंगा एकट्या पोरांसाठी नव्हता. आईची मालिकाही बंद, बापाचा मोबाईलही बंद. आपण मोबाईल बघत बसायचं आणि पोराला “अभ्यास कर” म्हणायचं, हे चालत नाही. आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

तुम्ही म्हणाल, “आम्हाला त्यातलं काय कळतंय? पोरगंच आम्हाला शिकवतं.” मग शिकवू द्या की! त्याच्या शेजारी बसा. “बाळा, हा कसला खेळ? कोणाशी बोलतोस?” असं मायेनं विचारा. नुसता मोबाईल हिसकावला, तर पोर लपून खेळतं.

मात्र एक ध्यानात ठेवा. काही खेळांत पैसे लावतात. २०२५ साली संसदेनं कायदा करून मोबाईलवरच्या अशा खेळांवर बंदी घातली. बँकेचा पिन पोराला सांगू नका. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लगेच १९३० या नंबरला फोन करा. आणि चूक सांगायला आलेल्या पोरावर हात उगारू नका. नाहीतर पुढच्या वेळी ते सांगायला येणार नाही.

आज सात वाजता तुमच्या घरचा भोंगा तुम्हीच व्हा. आधी आपला मोबाईल फळीवर ठेवा. मग हे पुस्तक घेऊन पोराजवळ बसा. त्याचं पुस्तक त्याच्या हाती, तुमचं तुमच्या हाती. एखादं अक्षर अडलं, तर त्यालाच विचारा. बघा, त्याला किती आनंद होतो!