म्हातारपणाचे दुखणे आणि अफूची भीती



आजचा विषय वसंताला शोभणारा नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु कर्जत-खालापुराकडे असे घर क्वचितच सापडेल, की जिथे ओटीवर किंवा माजघरात कोणी वृद्ध माणूस रात्री कण्हत नाही. ‘वय झाले, दुखायचेच,’ असे म्हणून आपण कूस बदलतो. त्या वाक्याबद्दल आज बोलावयाचे आहे.

प्रथम आमच्याच घरची गोष्ट. खोपोलीच्या आमच्या काकांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता आणि तो हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या; दर चार तासांनी, घड्याळ पाहून द्या, असे बजावले. मॉर्फिन हे अफूतलेच सत्त्व, हे कळताच आम्ही शहाण्यांनी त्या गोळ्या कपाटात कुलूपबंद केल्या. काकांना व्यसन लागेल ना! ते फारच विव्हळू लागले म्हणजे एखादी काढून देत असू. ज्याचे आयुष्य महिन्यांत मोजायचे, त्याला व्यसनापासून वाचवण्याचे पुण्य आम्ही जोडीत होतो. काका एकदा एवढेच म्हणाले, “अरे, मागायला लावू नका रे.” कुलूप हवे होते ते घरातल्या मुलांसाठी, काकांसाठी नव्हे.

आमची चूक कोठे झाली? त्या साध्या गोळीचा अंमल सुमारे चार तास टिकतो. दुखणे उसळल्यावर ती दिली तर दुखण्याच्या मागे धावत राहते. वेळेवर दिली तर दुखणे डोके वर काढीत नाही. दुसरे असे, की शरीराला सवय होणे निराळे आणि व्यसन निराळे. सवय झाली असता औषध एकदम तोडले तर घाम, जुलाब, तगमग होते. म्हणून ते हळूहळू उतरवतात. व्यसनात मात्र नुकसान दिसत असूनही मन त्याच्याच मागे लागते.

मात्र गुडघा दुखला की अफू, असा अर्थ कोणी काढू नये. अमेरिकेत १९९६ साली ऑक्सिकोडोनची एक गोळी बाजारात आली. व्यसनाचा धोका कमी असल्याचे सांगून ती साध्या जुनाट दुखण्यांनाही खपवली गेली. पुढे २००७ आणि २०२० साली त्या कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोवर असंख्य घरे उद्ध्वस्त झाली होती. कर्करोगाचे किंवा शस्त्रक्रियेनंतरचे तीव्र दुखणे ही या औषधाची जागा. वर्षानुवर्षांच्या संधिवाताची बहुधा नव्हे.

उतारवयात मूत्रपिंडे मंदावतात आणि औषध अंगात साचते. म्हणून मात्रा थोडी, वाढ सावकाश, आणि वेळांतले अंतर डॉक्टरांनी ठरवायचे. बद्धकोष्ठ होतेच, तेव्हा रेचक पहिल्या दिवसापासून. गुंगीत तोल जातो; रात्री मोरीकडे जाताना हाताला धरावे. झोपेची गोळी किंवा दारू यांबरोबर हे औषध श्वासच मंद करू शकते. पण दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅकनेही म्हाताऱ्या माणसाच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे बिघडतात. ती गोळी निरुपद्रवी आणि मॉर्फिन तेवढे विष, हा हिशेबच चुकीचा आहे.

गंमत पाहा. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि आपल्याच म्हाताऱ्यांना मॉर्फिन दुर्मिळ! १९८५ च्या कडक कायद्याने डॉक्टर आणि दुकानदार दोघेही बिचकले. २०१४ साली कायदा सुधारला. मान्यताप्राप्त दवाखान्यांना हे औषध ठेवणे सोपे झाले. वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे. कोझिकोडला १९९३ साली सुरू झालेले वेदनाशमनाचे कार्य पुढे थेट रुग्णांच्या घरापर्यंत पोचले. कर्जतहून परळचे टाटा रुग्णालय लोकलने सुमारे दोन तासांवर. डोंगरातल्या वाडीवरच्या ठाकर-कातकरी म्हातारीला तर आधी स्टेशनच दूर. तेव्हा आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात हे औषध मिळते का, आणि मिळत नसल्यास का नाही, हे आपण नागरिकांनीच विचारले पाहिजे.

आमच्या काकांना आता विचारता येत नाही. पण आज रात्री आपल्या घरातून कण्हणे ऐकू आले, तर कूस बदलू नका. उठा, जवळ बसा आणि विचारा: “कुठे दुखते? किती दुखते?” उपचाराची सुरुवात त्या दोन प्रश्नांपासून होते.