न दुखणारी अक्कलदाढ : काढावी की ठेवावी?

(रौप्यमहोत्सवी वर्षात क्लब हाउसमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. सगळी नोकरी बँकेत झाली. पण गेल्या वर्षी आमच्या घरात जो प्रश्न आला, तो इथल्या पुष्कळ घरांत आज ना उद्या येणार आहे, म्हणून हा विषय घेतला.

आमची नात १९ वर्षांची. दातांच्या तारा काढल्यावर पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढला. खालच्या दोन्ही अक्कलदाढा अडकलेल्या दिसल्या. तिला त्रास काहीच नव्हता. एक डेंटिस्ट म्हणाले, "आत्ताच काढून टाका." दुसरे म्हणाले, "दुखत नाही ना? मग हात लावू नका." आता ऐकायचं कुणाचं?

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. जबड्यात जागा नसली की ती तिरकी होते, आडवी पडते किंवा अर्धवट वर येऊन थांबते. काहींना ती येतच नाही. त्यावरून कुणाची अक्कल मोजू नये!

याबाबत जगभर दोन मतं आहेत. ब्रिटनमध्ये 'नाइस' या संस्थेने २००० साली सांगितलं की रोग नसलेली अडकलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. अमेरिकेत मात्र तरुणपणीच काढून टाकण्याकडे कल जास्त. जगभरचे अभ्यास तपासणारी 'कॉक्रेन' संस्था म्हणते, काढणंच बरं किंवा ठेवणंच बरं, असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. म्हणजे आमचे दोन्ही डेंटिस्ट काही मनचं बोलत नव्हते.

मग जमा-खर्च मांडायचा. काढली तर काही दिवस सूज, वेदना, तोंड उघडायला त्रास. खालच्या दाढेच्या मुळांजवळून ओठ आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर होतो. बहुतेक वेळा काही काळ, क्वचित कायमचा. ठेवली, आणि ती अर्धवट वर आलेली असली, तर हिरडीखाली अन्न अडकतं, सूज येते, शेजारची चांगली दाढ मागून किडते. ही कीड बरेच दिवस दुखतच नाही. शिवाय वय वाढलं की काढणं अवघड होतं आणि जखम सावकाश भरते. "पुढचे दात वाकडे होतील" म्हणून दाढ काढणं मात्र पटण्यासारखं कारण नाही.

मुख्य मुद्दा हा, की 'दुखत नाही' आणि 'रोग नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या इमारतीला २५ वर्षं झाली. भिंत गळत नाही म्हणून आपण स्ट्रक्चरल ऑडिट टाळत नाही. आणि ऑडिट करतो म्हणून इमारत पाडतही नाही. दाढ ठेवायचं ठरवलं तर तिची नियमित तपासणी करणं आलंच. जो तपासणीला जाणार नाही, त्याने दाढ 'ठेवली' असं म्हणू नये. तो तिला विसरला.

डेंटिस्टना चार प्रश्न विचारा. दाढ पूर्ण हाडात आहे की अर्धवट बाहेर? शेजारच्या दाढेला कीड किंवा मागे खोल फट आहे का? मूळ नसेच्या किती जवळ आहे? ठेवली तर पुन्हा कधी दाखवायचं? उत्तरं मिळाल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नका. मेडिक्लेमही वाचून घ्या. पुष्कळ पॉलिसींत दातांचा खर्च अपघात सोडला तर मिळत नाही.

नातीची उजवी दाढ अर्धवट वर आली होती आणि शेजारच्या दाढेमागे फट पडली होती, ती काढली. डावी पूर्ण हाडात, नसेजवळ, आणि रोग काही नाही, ती ठेवली. तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे.

माझ्या वयाच्या मंडळींना एकच सांगणं : वर्षानुवर्षं हाडात गप्प बसलेली, रोग नसलेली दाढ बहुधा तशीच राहू देतात. पण कवळी बसवण्याआधी एक्स-रे काढा. रक्त पातळ करण्याच्या किंवा हाडं मजबूत करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर डेंटिस्टना आधी सांगा. स्वतःहून बंद करू नका.

आणि घरातल्या तरुण मुलांचा एकदा ओपीजी काढायचा का, हे डेंटिस्टना जरूर विचारा. निर्णय घाईने नको, पण तपासणी उद्यावर टाकू नका.