सुईचे मर्म

(मुदखेड येथील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला तो ‘ड्राय नीडलिंग’चा. आत येताना पाहिले, तर फलकावर त्याखाली कंसात ‘अर्थात सुश्रुताचे विद्धकर्म’ असेही लिहिलेले आहे. त्या कंसाबद्दल मला बोलायचेच आहे. पण ते थोडे पुढे. आधी दुखण्याविषयी बोलू.

मुदखेडात त्याची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. इथली फुलशेती सर्वपरिचित आहे. पहाटे गुलाब तोडायला उभी राहिलेली भगिनी तासन्‌तास मान वाकवून, हात पुढे धरून काम करते. आपल्या जंक्शनवर रुळांची देखभाल करणारा कामगार दिवसभर कमरेतून वाकतो. अशा स्नायूंत कालांतराने दोरीसारखा ताठर पट्टा हाताला लागतो आणि त्यात एक जागा अशी असते, की तिथे दाबताच माणूस कळवळतो. गंमत अशी, की वेदना बहुधा त्या जागी जाणवतच नाही. मानेखालच्या स्नायूतील गाठ कानशिलात ठणकते. खांद्याच्या पात्यावरील गाठ खांद्याच्या पुढच्या बाजूस दुखते. नितंबातील गाठीची कळ पायात उतरते आणि रुग्ण गृध्रसी, म्हणजे सायटिका झाली असे समजून वर्षानुवर्षे फिरत राहतो.

या गाठींचा नकाशा तयार करण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकन विदुषीचे. अध्यक्ष केनेडी यांची जर्जर पाठ त्यांनी सांभाळली आणि 1961 साली त्या व्हाइट हाउसच्या वैद्य झाल्या. डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ 1983 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या गाठीत भूल देणारे औषध टोचत. पुढे झेकोस्लोव्हाकियाच्या डॉ. कारेल लेविट यांनी 1979 मध्ये दाखवून दिले, की सुई नेमक्या जागी पोहोचली तर आत औषध नसले तरी आराम पडतो. म्हणून ही सुई ‘कोरडी’. ती इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. ती भरीव आणि साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते. गाठीला लागताच स्नायू क्षणभर उडी मारतो आणि मग सैलावतो. एक-दोन दिवस ती जागा ठणकते, नंतर मोकळी वाटते.

असे का होते? प्रचलित स्पष्टीकरण असे, की चेता आणि स्नायू जिथे मिळतात तिथे आकुंचनाचा संदेश सतत झिरपत राहतो, स्नायू आवळलेला राहतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि प्राणवायू कमी पडतो. सुईने ते चक्र तुटते. याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. वेदना काही आठवडे कमी होते याला आधार आहे, पण दीर्घकालीन लाभाचा पुरावा अशक्त आहे. झिजलेल्या गुडघ्याची कूर्चा तर सुईने परत येणार नाही; फार तर भोवतालच्या स्नायूंचा ताण कमी होईल. ‘सुईने सांधे बरे करतो’ अशी जाहिरात दिसली, तर मुकाट्याने पुढे चालू लागावे.

आता त्या कंसाकडे येतो. आपल्या मंडळींना एक सवय आहे. पश्चिमेत काही निघाले की ‘हे तर आमच्याकडे होतेच’ असे म्हणायचे आणि झोपी जायचे. सुश्रुताने आठ शस्त्रकर्मे सांगितली, त्यांत वेध्य आहे. गृध्रसीत गुडघ्याच्या वर किंवा खाली चार अंगुळांवर शिरावेध सांगितला आहे. पण तिथे हेतू दूषित रक्त काढण्याचा आहे. ताठर पट्ट्यात कोरडी सुई घालणे ही निराळी क्रिया. आज ज्याला विद्धकर्म म्हणतात, त्याची पुण्याचे वैद्य गोगटे यांच्यासारख्यांनी आपल्या काळात चिकाटीने पुनर्मांडणी केली, ग्रंथ लिहिला. त्या श्रमाचा मान राखायचा, तर ते सारे आयते मिळाले होते असे म्हणू नये. चीनच्या सुईचेही तसेच. 1938 साली सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर चीनला गेलेल्या पथकातील डॉ. विजयकुमार बसू पुढे तेथून अॅक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी ते रुजवले. शिकून आणलेली विद्या शिकून आणली म्हणण्यात कमीपणा कसला?

मग सुश्रुताकडून घ्यायचे काय? माझ्या मते दोन गोष्टी, आणि त्या आजच्या पाठ्यपुस्तकातही शोभतील. पहिली म्हणजे योग्या. शिष्य कितीही बहुश्रुत असो, हात वळवल्याशिवाय त्याने रुग्णाला हात लावू नये. वेध करण्याचा सराव मृत पशूंच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करावा, असे त्याने सांगितले आहे. आज दोन दिवसांच्या शिबिरात प्रमाणपत्र भिंतीवर लागते आणि तिसऱ्या दिवशी गावातल्या कुणाच्या तरी खांद्यात सुई जाते!

दुसरी गोष्ट मर्मांची. एकशे सात मर्मांत छातीच्या दोन्ही बाजूंस अपस्तंभ नावाची मर्मे आहेत. वायू वाहणाऱ्या नाड्यांची. तिथे इजा झाल्यास कोष्ठ वायूने भरतो आणि खोकला व धाप लागून मृत्यू येतो, असे सुश्रुत सांगतो. बंधुंनो, ड्राय नीडलिंगचा सर्वांत भयंकर अपघात हाच आहे. खांद्यावरून किंवा बरगड्यांमधून खोल गेलेली सुई फुप्फुसाचे आवरण भेदते, छातीत हवा साठते, श्वास कोंडतो. सुई काढल्यावर कधी काही तासांनी हे सुरू होते. म्हणून उपचारानंतर छातीत टोचू लागले वा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. नांदेड इथून दूर नाही.

आणखी थोडे व्यवहाराचे. सुई समोर पाकीट फोडून काढलेली असावी. एकदा वापरलेली दुसऱ्याला नाही, नाहीतर कावीळ घरी येते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, गर्भारपण असेल, तर आधी सांगावे. दुखण्याबरोबर ताप असेल, वजन घटत असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, पायातली शक्ती गेली असेल, तर सुईवाल्याकडे जाऊच नये, आधी डॉक्टरांकडे जावे. आणि सुई घेऊन बसलेल्या माणसाला त्याचे शिक्षण विचारायला संकोचू नये. आपण मिस्त्रीलाही विचारतो.

भौतिकोपचाराच्या माझ्या व्यवसायात एक फूल तोडणाऱ्या मावशी आल्या होत्या. उजवा खांदा वर जात नव्हता. तीन वेळा सुई लावली, हात डोक्यावर जाऊ लागला. मला धन्यता वाटली. महिन्याभराने त्या पुन्हा तशाच हजर. म्हणाल्या, “दुखणं हलकं झालतं डॉक्टर, पण फुलं तर रोज तोडावीच लागतात की.” मग मी, जे पहिल्या दिवशी विचारायला हवे होते, ते विचारले: तोडता कशा? करून दाखवा. फुलांची जड होत जाणारी पिशवी त्या रोज उजव्याच खांद्याला अडकवत होत्या. ती कमरेला बांधायला सांगितली, अर्ध्या तासाने हात बदलायला सांगितले, भिंतीला धरून करायचे दोन व्यायाम दिले. त्या खेपेला सुई पाकिटातून काढलीच नाही.